विमान उभं राहिलं, त्याचे पैसे कोण देणार?

वाचकांचे प्रश्न : विमा आणि भरपाई

या वेळी पाच पत्रं एकाच विषयावर आली आहेत. स्वतःच्या छोट्या विमानाचं दुसऱ्याच्या चुकीमुळे नुकसान झालं. दुरुस्तीचे पैसे मिळाले किंवा मिळतील, पण मधले महिने विमान वापरता आलं नाही, त्याचं काय? चार पत्रं अमेरिकेतली आहेत, एक पुण्याचं. अमेरिकेत हा कायदा राज्यागणिक बदलतो, तेव्हा प्रत्येक उत्तर त्या त्या राज्यापुरतंच धरावं.

प्रश्न : माझं सेस्ना १७२ एस विमान टेक्सासमधल्या एका विमानतळावर असतं. तिथल्या सेवा कंपनीच्या माणसानं ते हँगरमधून काढताना टग (विमान ओढायचं छोटं वाहन) नाकावर घातला. प्रोपेलर वाकला. इंजिन बंद होतं. दुरुस्ती, इंजिन तपासणी आणि सुटे भाग मिळून २२ आठवडे गेले. त्या कंपनीच्या विमा कंपनीनं दुरुस्तीचं पूर्ण बिल भरलं. मी वापर बुडाल्याबद्दल १५४ दिवस, रोज ३ तास, ताशी १८५ डॉलर भाडं असा ८५,४७० डॉलरचा दावा पाठवला. उत्तर आलं, ‘तुम्ही हौसेसाठी उडवता, दुसरं विमान भाड्यानं घेतलं नाहीत, म्हणून शून्य.’ यात खरं काय?
— सॅन अँटोनिओहून एक वाचक

उत्तर : दोन्ही आकडे चुकीचे आहेत. पण तुमचा आकडा तुमचंच जास्त नुकसान करतोय, कारण एकदा असं पत्र गेलं की समोरचा माणूस पुढचं काहीच गांभीर्यानं वाचत नाही. १५४ दिवस गुणिले ३ तास म्हणजे ४६२ तास. तुम्ही जोडलेल्या लॉगबुकच्या प्रतीनुसार अपघाताआधीच्या दोन वर्षांत मिळून विमान १९२ तास उडालं आहे. पाच महिन्यांत ४६२ तास बुडाले हे कुणाला पटणार?

आता विमा कंपनीचं म्हणणं घेऊ. ‘भाड्यानं घेतलं नाही म्हणून शून्य’ हे टेक्सासमध्ये टिकत नाही. १९८४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मोटारीच्या एका प्रकरणात (लूना विरुद्ध नॉर्थ स्टार डॉज) पर्यायी गाडीचं वाजवी भाडं हा भरपाईचा पुरेसा पुरावा मानला, गाडी प्रत्यक्षात भाड्यानं घेतलेली नसली तरी. हौसेच्या मुद्द्यावर काही वकील १८९७ चा ‘द कॉन्करर’ हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पुढे करतात. व्हँडरबिल्ट घराण्यातल्या एकाची खासगी नौका कस्टम अधिकाऱ्यानं अडवून ठेवली होती, आणि नफा बुडाल्याचं सिद्ध न झाल्यानं वापराची भरपाई नाकारली गेली. तो सागरी कायद्यातला निकाल आहे. तुमचा दावा राज्याच्या निष्काळजीपणाच्या कायद्याखाली येतो. असं पत्र आलं तर एवढं एका वाक्यात लिहा आणि पुढे चला.

मग खरा आकडा किती? आधी तास. १०४ आठवड्यांत १९२ तास, म्हणजे आठवड्याला सुमारे १.८५ तास. २२ आठवड्यांतले दोन वजा करा, कारण तुमचं वार्षिक इन्स्पेक्शन याच काळात यायचं होतं आणि तेव्हा विमान असंही उभंच राहिलं असतं. हे दोन आठवडे स्वतःहून वजा केले की बाकीच्या वीसवर तुमचा शब्द वजनदार होतो. वीस आठवड्यांचे झाले ३६.९ तास.

मग दर. जवळच्या तीन फ्लाइंग स्कूलचे १७२ एसचे लेखी दर घ्या. तुम्ही कळवलेले १७८, १८५ आणि १९२ आहेत, सरासरी १८५. पण हा ‘वेट’ दर आहे, म्हणजे त्यात इंधन धरलेलं असतं. स्वतःचं विमान उडवतानाही इंधन तुम्हीच भरलं असतं, म्हणून ते वजा करायचं. ताशी ८.५ गॅलन, गॅलनला ६.४० डॉलर धरले तर ५४.४० डॉलर. उरले १३०.६० डॉलर. ३६.९ तासांना हा दर लावला की साधारण ४,८२० डॉलर होतात. विमा कंपनी पुढे म्हणेल की तुमचं इंजिन आणि प्रोपेलर तेवढे तास झिजले नाहीत, ती बचतही वजा करा. ताशी २५ डॉलर धरले तर आकडा सुमारे ३,९०० वर येतो. म्हणजे तडजोड या दोन आकड्यांमध्ये कुठेतरी होईल, हे आधीच मनाशी धरा.

लँडिंगची करन्सी, म्हणजे नियमाप्रमाणे लागणारा अलीकडचा सराव, टिकवायला तुम्ही ९ तास भाड्याचं विमान उडवलंत. ते तास ३६.९ च्या आतच मोजा, वेगळे जोडू नका, नाहीतर एकाच तासाचे दोनदा पैसे मागितल्यासारखं होईल. मात्र फ्लाइंग स्कूलनं चेकआउटसाठी, म्हणजे विमान देण्याआधी तुमचं उड्डाण तपासण्यासाठी, घेतलेली इन्स्ट्रक्टरची १०५ डॉलर फी हा खरा जादा खर्च आहे, तो पावतीसह वर जोडा. हँगरचं भाडं, स्वतःच्या विम्याचा हप्ता आणि कर्जाचं व्याज मात्र भाड्याच्या दराशेजारी मांडू नका. भाड्याच्या दरात मालकाचे हे खर्च धरलेलेच असतात.

आता खरी लढाई कुठे होईल ते सांगतो : आठवड्यांवर. ‘वाजवी काळ’ म्हणजे नीट चाललेल्या दुरुस्तीला लागणारा काळ. तुमच्या २२ पैकी ५ आठवडे इंजिन उघडायचं की नाही या वादात गेले. समोरचा सर्व्हेअर म्हणत होता की इंजिन बंद होतं, मग प्रोप स्ट्राइक (प्रोपेलरला बसलेला धक्का) कसला? इथे कागद तुमच्या बाजूनं आहे. तुमच्या विमानात आहे तशा लायकॉमिंग कंपनीच्या डायरेक्ट ड्राइव्ह इंजिनांसाठी एफएएचा (अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाचा) एडी, म्हणजे बंधनकारक सुरक्षा आदेश, २००४-१०-१४ आहे. त्यातल्या व्याख्येप्रमाणे इंजिन चालू असो वा नसो, ब्लेडच्या किरकोळ घासणीपलीकडे प्रोपेलरची दुरुस्ती लागली तर तो प्रोप स्ट्राइकच. मग पुढच्या उड्डाणाआधी क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचा गिअर, डॉवेल आणि बोल्टची तपासणी बंधनकारक होते. पूर्ण इंजिन उघडण्याची शिफारस लायकॉमिंगच्या सर्व्हिस बुलेटिन ५३३ मध्ये आहे. खासगी वापराच्या विमानाला ते बुलेटिन कायद्यानं बंधनकारक नाही, हा फरक पत्रात प्रामाणिकपणे लिहा. पण निर्मात्याचं बुलेटिन पाळणं अवाजवी आहे, असं म्हणायला समोरच्याला जड जाईल. त्या ५ आठवड्यांच्या ईमेल तारखांसह लावा : विनंती कधी गेली, उत्तर कधी आलं. उशीर त्यांचा असेल तर तो त्यांच्याच खात्यावर.

याउलट, शॉपनं सुट्या भागांची ऑर्डर तीन आठवडे दिलीच नाही आणि तुम्हीही विचारलं नाही, असं असेल तर ते तीन आठवडे हातचे जातील. नुकसान वाढू न देण्याची जबाबदारी तुमचीही असते. दर आठवड्याला शॉपला दोन ओळींचा ईमेल टाकणं एवढं पुरे होतं. फोन करू नका, फोनचा पुरावा राहत नाही.

आणखी दोन गोष्टी आधी तपासा. एक, हँगर किंवा रॅम्पचा (विमान उभं करायच्या उघड्या जागेचा) करार. त्यात ‘वापर बुडाल्याबद्दल कंपनी जबाबदार नाही’ असं कलम असू शकतं, आणि ते असेल तर सगळं गणित तिथेच अडतं. करारावर सही केलेली नसेल, किंवा कलम फक्त भिंतीवरच्या पाटीवर असेल, तर ते लागू होतं का यावर वाद घालता येतो. दोन, दुरुस्तीचं बिल भरताना त्यांनी तुमच्याकडून काय सही करून घेतलं? ‘सर्व दाव्यांतून मुक्तता’ असा रिलीज दिला असेल किंवा चेकवर ‘फुल अँड फायनल सेटलमेंट’ लिहिलेलं असताना तो बँकेत भरला असेल, तर दावा बहुधा संपला. पैसे थेट शॉपला गेले असतील आणि तुम्ही काहीच सही केलं नसेल, तर तो अजून जिवंत आहे.

टेक्सासमध्ये मालमत्तेच्या नुकसानीच्या दाव्याला दोन वर्षांची मुदत आहे, आणि ती अपघाताच्या दिवसापासून धरावी, दुरुस्ती संपल्यापासून नाही. विमा कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून मुदत थांबत नाही. तुमचा आकडा जस्टिस कोर्टाच्या, म्हणजे छोट्या दाव्यांच्या स्थानिक न्यायालयाच्या, २०,००० डॉलरच्या मर्यादेत आरामात बसतो. वकील न लावताही तिथे दावा चालवता येतो, आणि चार-पाच हजारांसाठी वकील परवडणारही नाही. आधी सुधारित मागणीपत्र पाठवा, ३० दिवसांची मुदत द्या. सोबत २४ महिन्यांच्या लॉगबुकच्या प्रती, तीन दरपत्रकं, शॉपच्या वर्क ऑर्डर, रिटर्न टू सर्व्हिसची (विमान पुन्हा उडवायला योग्य झाल्याची) नोंद आणि एका पानावर मांडलेलं हे गणित एवढंच असू द्या. जुन्या ८५,४७० च्या पत्राबद्दल ‘हे पत्र आधीच्या मागणीची जागा घेतं’ एवढंच लिहा. सारवासारव करत बसू नका.

प्रश्न : कॅलिफोर्नियात टॅक्सी करणारं दुसरं विमान माझ्या उभ्या पायपर चेरोकीवर आदळलं. माझ्या विमा कंपनीनं टोटल लॉस ठरवून ठरलेली रक्कम दिली. ‘अॅग्रीड व्हॅल्यू मिळाली, आता वेगळं काही नाही,’ असं एजंट म्हणतो. दुसरं विमान मिळायला मला सात महिने लागले.
— फ्रीमाँट

उत्तर : एजंट स्वतःच्या पॉलिसीपुरतं बरोबर बोलतोय. बहुतेक हल पॉलिसींत (खुद्द विमानाच्या नुकसानीच्या विम्यात) वापर बुडणं आणि बाजारभावातली घट स्पष्टपणे वगळलेली असते. वेगळा एन्डोर्समेंट (पॉलिसीला जोडलेलं जादा कलम) घेतला असेल तरच पर्यायी विमानाचं भाडं मिळतं. पण तुमचा दावा स्वतःच्या कंपनीवर नाही, आदळणाऱ्या वैमानिकावर आणि त्याच्या लायबिलिटी विम्यावर आहे.

विमान पूर्ण गेलं म्हणून वापराची भरपाई बंद, असं पूर्वी अनेक राज्यांत मानत. कॅलिफोर्नियानं हा भेद १९५९ मध्येच काढून टाकला. ते ‘रेनॉल्ड्स विरुद्ध बँक ऑफ अमेरिका’ प्रकरण विमानाचंच होतं. दुरुस्त होणाऱ्या आणि पूर्ण नष्ट झालेल्या वस्तूत फरक करण्याचं कारण नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं. टेक्सासला तिथवर यायला २०१६ उजाडलं, आणि तेही एका टो ट्रकच्या दाव्यात.

सात महिने मात्र मिळणार नाहीत. बदली विमान मिळवायला ‘वाजवी’ वेळ म्हणजे साधारण तसंच विमान शोधणं, प्री-बाय इन्स्पेक्शन, एफएएच्या ओक्लाहोमा सिटीतल्या नोंदणीवरून टायटल (मालकी) तपासणं, एस्क्रो (सौदा पुरा होईपर्यंत पैसे तिऱ्हाइताकडे ठेवणं) आणि विमान घरी आणणं. मनासारखा रंग आणि हवी ती एव्हियॉनिक्स (विमानातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं) मिळेपर्यंत थांबणं यात धरत नाहीत. त्या काळातल्या जाहिरातींची पानं, फिसकटलेल्या सौद्यांची पत्रं आणि प्री-बायच्या पावत्या लावा. दोन सौदे इन्स्पेक्शनमध्ये गंज निघाल्यानं मोडले, असं तुम्ही लिहिलं आहे. ते आठवडे बिनधास्त मागा. विमा कंपनीनं हलचे पैसे द्यायला लावलेला वेळही मांडा.

यात एक धोका आहे. तुमची विमा कंपनी दिलेले पैसे समोरच्याकडून वसूल करायला जाईल, म्हणजे सबरोगेशन. काही न्यायालयं एका अपघाताचा दावा दोन तुकड्यांत चालवू देत नाहीत. कंपनीनं आधी सगळं मिटवलं तर तुमचा भाग बुडू शकतो. उलट, तुम्ही समोरच्याशी परस्पर मिटवून पूर्ण रिलीज दिलात तर कंपनीचा वसुलीचा हक्क मारला जाईल आणि ती तुमच्याकडेच पैसे मागू शकेल. म्हणून सबरोगेशन विभागाला आजच लेखी कळवा की डिडक्टिबल (विम्यात तुम्ही स्वतः सोसलेली रक्कम) आणि वापराची भरपाई हे तुमचे न मिटलेले दावे आहेत, तेव्हा त्यांच्यासकट मिटवा किंवा ते स्पष्ट वगळून मिटवा. मुदत तीन वर्षांची आहे. स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या दाव्यांच्या न्यायालयात) व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत मागता येतात, एलएलसीला (मर्यादित जबाबदारीच्या कंपनीला) ६,२५० पर्यंतच. नोंदणीवर नाव कुणाचं आहे ते आधी पाहा. विमान एलएलसीचं असेल तर दावाही एलएलसीचा, तुमच्या नावानं टाकलात तर पहिल्याच तारखेला निघून जाईल.

प्रश्न : माझं विमान शिकागोजवळच्या एका फ्लाइंग स्कूलला लीजबॅकवर आहे, म्हणजे स्कूल ते चालवतं आणि मला तासाप्रमाणे पैसे देतं. मेंटेनन्स करणाऱ्या शॉपच्या चुकीनं मे ते जुलै बंद राहिलं. स्कूल विद्यार्थ्यांकडून घेतं तो पूर्ण ताशी दर मागता येईल का?
— नेपरव्हिल

उत्तर : नाही. तुम्हाला निव्वळ नफा मिळेल, आणि तोही तुमच्या वाट्याचाच. समजा स्कूल तुम्हाला हॉब्सच्या (विमानातल्या तास मोजणाऱ्या मीटरच्या) तासाला ११० डॉलर देतं आणि त्यातले ५० डॉलर १०० तासांचं इन्स्पेक्शन, तेल, टायर आणि इंजिन रिझर्व्ह (पुढच्या इंजिन दुरुस्तीसाठी बाजूला ठेवायची रक्कम) यांवर जातात. विमान न उडाल्यानं ते ५० वाचले, बुडाले ६०. आदल्या वर्षी मे ते जुलैमध्ये १६५ तास उडालं असेल तर ९,९०० डॉलर. वर्षाची सरासरी वापरू नका. तिथल्या हिवाळ्यात तास कमी भरतात, सरासरीनं तुमचंच नुकसान होईल.

अकाउंटंट हमखास करतात ती चूक म्हणजे सगळे खर्च वजा करणं. हँगर आणि विम्याचा हप्ता तुम्ही त्या तीन महिन्यांतही भरलात, ते वाचलेले नाहीत, म्हणून वजाही होत नाहीत. मात्र स्कूलनं ते विद्यार्थी तुमच्याच दुसऱ्या विमानावर वळवले असतील तर तिथली वाढीव कमाई वजा होईल.

शॉपच्या वर्क ऑर्डरच्या मागच्या बाजूचा बारीक मजकूर वाचा. जबाबदारी फक्त ‘काम पुन्हा करून देण्यापुरती’ मर्यादित केलेली असते, आणि लोक ते सही केल्यानंतरच वाचतात. इलिनॉयमध्ये मालमत्तेच्या नुकसानीला पाच वर्षांची मुदत आहे, घाई नाही. पण स्कूलचं शेड्युलिंग सॉफ्टवेअर जुन्या नोंदी ठेवेलच असं नाही, त्या आताच उतरवून घ्या.

आणि तुम्ही जाता जाता विचारलं आहे की मित्रांना घेऊन जाताना मिळणारे पैसेही यात धरावेत का. प्रायव्हेट पायलटला एफएएच्या नियम ६१.११३ प्रमाणे खर्चाचा स्वतःचा वाटा भरावाच लागतो, नफा घेता येत नाही. ‘मित्रांकडून मिळणारं उत्पन्न बुडालं’ असं लेखी देणं म्हणजे एफएएच्या हातात आपणच कागद देणं. तो मुद्दा काढून टाका.

प्रश्न : कोलोरॅडोत माझं घरी बांधलेलं आरव्ही-७ हँगरच्या शेजाऱ्याच्या गाडीनं धडक दिल्यानं १६ आठवडे बंद होतं. तसं विमान भाड्यानं मिळतच नाही. मग दर कुठून आणायचा?
— बोल्डर

उत्तर : घरी बांधलेलं विमान ‘एक्स्पेरिमेंटल’ वर्गात येतं आणि असं विमान भाड्यानं किंवा मोबदल्यावर चालवायला एफएएच्या नियम ९१.३१९ ची मनाई आहे, म्हणून त्याचा भाडेबाजार उभाच राहत नाही. समोरचा यावरून ‘म्हणजे किंमत शून्य’ म्हणेल. कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या ‘कोनिग विरुद्ध पर्को’ प्रकरणात प्रत्यक्ष नफा बुडालेला नसतानाही वाजवी भाड्यानं वापराची किंमत काढता येते, असं म्हटलं आहे. म्हणून जवळात जवळचं प्रमाणित दोन आसनी किंवा तशाच वेगाचं विमान घ्या आणि त्याचा इंधन वजा केलेला दर लावा. दुसरा मार्ग गुंतलेल्या भांडवलाचा. विमानाची किंमत ९५,००० डॉलर आणि व्याज ७ टक्के धरलं तर १६ आठवड्यांचे सुमारे २,०४६ डॉलर होतात. दोन्ही आकडे मांडा, पण बेरीज करू नका, ते एकाच नुकसानीचे दोन हिशेब आहेत. किंमत मात्र सुट्या भागांच्या पावत्यांवरून काढू नका, तशा पूर्ण झालेल्या विमानांच्या विक्रीवरून काढा. बांधायला लागलेल्या तुमच्या तासांना यात जागा नाही, हे कडू आहे पण तसंच आहे.

दुरुस्तीनंतर लॉगबुकमध्ये नुकसानीची नोंद आली म्हणून विकताना येणारी घट हा वेगळा दावा आहे. तो मूल्यमापकाच्या अहवालासह याच पत्रात मागा. एका अपघाताचे दोन वेगळे खटले करू नका.

प्रश्न : भारतात खासगी विमान देखभाल संस्थेच्या ताब्यात असताना खराब झालं, तर वापराची भरपाई मागता येते का?
— पुणे

उत्तर : येते, पण मार्ग कराराचा आहे. ताब्यात दिलेल्या वस्तूची सामान्य शहाण्या माणसाइतकी काळजी घेण्याची जबाबदारी भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १५१ खाली येते आणि भरपाई कलम ७३ खाली मोजतात. नुकसान कमी ठेवण्यासाठी तुमच्या हाती काय उपाय होते, हेही त्याच कलमात पाहिलं जातं. अडचण दराची आहे. खासगी वर्गातलं विमान भाड्यानं देता येत नाही, त्यामुळे अमेरिकेसारखं दरपत्रक मिळत नाही. फ्लाइंग क्लबचा तशाच विमानाचा ताशी दर, किंवा त्या काळात तुम्ही खरोखर केलेल्या चार्टरची बिलं, हेच दोन आधार उरतात. चार्टरची बिलं वापरणार असाल तर तो प्रवास कशासाठी होता ते बिलावरच लिहून ठेवा.

दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, ग्राहक आयोगात दोन वर्षांची. विमान कंपनीच्या नावावर आणि धंद्यासाठी वापरात असेल तर समोरचा ‘व्यावसायिक हेतू’चा आक्षेप घेणारच. वाद व्यावसायिक न्यायालयाच्या कक्षेतला ठरला आणि तातडीच्या आदेशाची गरज नसेल, तर दाव्याआधी व्यावसायिक न्यायालय कायद्याच्या कलम १२-अ ची मध्यस्थी सक्तीची आहे. ती वगळून दाखल केलेला दावा फेटाळला जातो. विमान ताब्यात देतानाची जॉब कार्ड (कामाची नोंदपत्रं) आणि त्या दिवशीचे फोटो नसतील, तर नुकसान आधीचं की नंतरचं इथूनच वाद सुरू होईल.